मायदेशातलं लायसन्स
अखेर दोन देशांचं जमलं होतं! आजपासून इथल्या परिवहन कार्यालयाला मायदेशातली लायसन्सं पडद्यावर दिसणार होती. लेकीकडे कायमचे राहायला आलेल्या बाबांना नव्याने परीक्षा द्यायची गरज नव्हती. जावयाच्या गाडीची किल्ली सकाळपासून त्यांच्या मुठीत होती. शेजारी उभ्या लेकीने मात्र तीनदा नापास होऊन गाडीचं नावच टाकलं होतं. “मी पहिल्या फटक्यात पास झालो होतो,” बाबांनी तिला पुन्हा ऐकवलं. कार्यालयाच्या खिडकीतल्या मराठी बाईंनी जुन्या लायसन्सचा नंबर टाकला. दोघांनी श्वास रोखला. “आलं!” बाईच ओरडल्या. मिशीवाले तरुण बाबा, जड वाहनांचा परवाना, अख्खी कुंडली समोर! “काका, चिकाटीला मानलं! सहाव्या प्रयत्नात पास झालात?” लेक बघतच राहिली. बाबा छत न्याहाळू लागले. मग त्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली. “तुला अजून दोनदा नापास व्हायची मुभा आहे.”