काचपट्टी

खाणीच्या छताला बारीक भेग होती. लिलाधरने तिच्यावर आडवी काचपट्टी चिकटवून ठेवली होती. वरचा खडक केसभर सरकला तरी आधी काच तडकायची, आणि काच तडकली की लिलाधर कोणाचंही न ऐकता सगळ्यांना वर काढायचा.

या महिन्यात ती तिसऱ्यांदा तडकली, तेव्हा ठेकेदाराचे साहेब खाणीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले.

"काच बेकार येऊन राहिली आजकाल," ते म्हणाले. "ही घे, तुमसरहून आणली."

लिलाधरने नवी पट्टी वाकवून पाहिली. प्लॅस्टिकची होती, मुकाट वाकली.

"साहेब, हे तं कधीच तडकनार नाई."

"तेच तं," साहेब म्हणाले. "लाव, अन् माणसं खाली घेऊन जा."