पांढरी रेष

"ही जमिनीवरची पांढरी रेष ओलांडायची नाही हां पोरी. पलीकडचं स्नूकरचं टेबल पुरुषांचं," आमच्या यॉर्कशरमधल्या क्लबाचे सेक्रेटरी अ‍ॅक्रॉइड म्हणाले होते. मी पंधरा वर्षांची होते. हसले आणि काठी घेऊन सरळ पलीकडे गेले. त्यांनी रोज हाकललं, मी रोज गेले.

आज लंडनात महिलांच्या स्नूकर विश्वविजेतेपदाचा अंतिम सामना आहे आणि मी तो खेळतेय. आठ महिन्यांची लेक माझ्या बाबांपाशी, त्याच क्लबात. बाबा तिथला बार सांभाळतात. मध्यंतर झाल्या झाल्या फोन लावला.

"दूध प्यायली? रडत नाहीये ना?"

"छे, मजेत रांगतेय. इथे सगळे टीव्हीवर तुझाच खेळ बघत बसलेत."

"बाबा, ती रेषेच्या कुठल्या बाजूला आहे?"

"अलीकडे गं. अ‍ॅक्रॉइड म्हणतात, नियम तो नियम. रांगती असली तरी बाईच."

पुढचा डाव सुरू होतोय, मला जायला हवं. तुम्ही कुणी यॉर्कशरच्या बाजूला असाल, तर क्लबात डोकावून माझ्या लेकीला तेवढं बघून या. अजून अलीकडेच असेल, तर उचलून पलीकडे ठेवा. पुढचं ती बघेल.