मुकी दुतार

ताश्कंदच्या आमच्या थिएटरात दर रविवारी दुपारी जुना मूकपट लागतो. माझा नवरा सोबिर वर प्रोजेक्टर चालवतो, मी पडद्याखाली पियानो वाजवते.

नायिका दोन तारांची दुतार छेडू लागली, की सोबिर प्रोजेक्टरच्या खोलीच्या खिडकीला डोळे लावतो. माझ्याकडे त्याने लग्नातही असं पाहिलं नव्हतं.

"मेलीय ती कधीच," मी एकदा म्हणाले.

"म्हणून तर कटकट करत नाही," तो म्हणाला.

आज तो प्रसंग आल्यावर मी मुद्दाम हात मांडीवर ठेवले. म्हटलं, बस आता मुकी. मला प्रोजेक्टरची घरघर तेवढी ऐकू येत होती. लोक मात्र डोळे मिटून डोलत होते.

खेळ सुटताच सोबिर खाली आला. त्याचे डोळे भरले होते.

"अगं, दुतार कधी शिकलीस तू?"