उत्तरपूजा

'फाईलशी जोडणी होत नाही. कदाचित आपल्याला परवानगी नसेल.' रक्तपेढीच्या खिडकीतला माझा कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा हेच सांगत होता. मला परवानगी नाही? रोज ती फाईल उघडतं कोण मग?

पासवर्ड बदलून पाहिला. मशीन बंद करून चालू केलं. इंजिनिअरला फोन लावला, तर म्हणाला, "परवानग्या कालच तपासल्यात हो, मलाही काही कळत नाहीये." खिडकीबाहेर एक बाई पदर मुठीत धरून उभ्या होत्या. त्यांच्या सुनेला बाळंतपणात ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. आमच्याकडचं संपलेलं, आणि रक्तदात्यांचे नंबर नेमके त्या फाईलमध्ये.

फाईल आतल्या खोलीतल्या मोठ्या मशीनवर असते, म्हणून आत धावलो. मशीन पाटावर बसलं होतं. झेंडूचा हार, हळदकुंकू, आणि सगळ्या वायरी काढून शेजारी नीट गुंडाळलेल्या. आमच्या सिंधूमावशी समईत तेल घालत होत्या.

"मावशी, हे काय?"

"आज खंडेनवमी ना! हत्यार पूजेला मांडलं की उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

मी वायर उचलली आणि तशीच धरून उभा राहिलो. ओरडावं की हात जोडावेत, तेच कळेना.

तेवढ्यात त्या बाई दारात चपला काढून आत आल्या. ताम्हनातल्या चिमूटभर अक्षता त्यांनी मशीनवर वाहिल्या, दोन्ही हातांनी ते जरासं हलवलं आणि माझ्याकडे वळल्या.

"झाली उत्तरपूजा. लाव बाबा आता वायर."