बुटांची राखण

"सापडला?" चपला राखणाऱ्याने विचारलं.

"नाही." झेनेबेचने त्याच्या हातातून बूट हिसकावून घेतले.

इथिओपियातल्या लालिबेलात खडकात कोरलेली अकरा चर्चं, त्यातलं हे चौथं. बारा दिवस चालून ती इथे आली होती, मेलेल्या लेकाचे बूट घालून. ते तिला दोन बोटं मोठे होत होते आणि टाचा पार सोलवटल्या होत्या. पण जिच्या अंगाची आग झालीये, तिला टाचांचं काय?

आल्या दिवशी बाजारात चार जणांकडे चौकशी करून ती पहिल्या चर्चपाशी आली, आणि बूट काढता काढता या माणसाला तिने सगळं ऐकवलं. "मेकुरियासाठी आलेय मी. बैलांना आधी पाणी कुणी पाजायचं यावरून भांडण, आणि त्याने माझ्या अस्रेसच्या डोक्यात काठी घातली. तुरुंगातून सुटला तो थेट इकडे आला म्हणे, देवाच्या पायाशी. माझा पोरगा मातीत आणि हा देवाच्या पायाशी!"

त्याने बूट घेऊन बाजूला ठेवले.

तेव्हापासून तो रोज तिच्यासोबत चर्चपर्यंत येई. एका दाराने आत गेलेला माणूस खडकातल्या भुयारातून भलतीकडेच निघतो. हा वळसा घालून तिथे बूट घेऊन उभा असे. आणि बूट पुसलेले असत. तेच तिला सहन होत नसे.

"कुणी सांगितलं होतं पुसायला?"

"धूळ होती, आई."

"आई म्हणू नकोस मला! म्हणणारा एकच होता."

"बरं."

सहाव्या चर्चबाहेर काही माणसं भिंतीलाच ओठ टेकवून उभी होती. कुणाला स्वतःचा विटाळ वाटत होता, कुणाच्या हातून रक्त सांडलं होतं. मेलेल्याच्या घरच्यांनी 'जा' म्हटल्याशिवाय असा माणूस उंबरा ओलांडत नाही. झेनेबेचने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"तू रे?" ती चपला राखणाऱ्यावरच घसरली. "जन्म काढतोयस दारात, आत जाताना कधी दिसला नाहीस. देव घराशेजारी मिळाला म्हणून माज आलाय?"

"चपला कोण राखील?"

"उत्तर बरं तयार असतं तुझं."

आत ती गर्दीतून वाट काढत थेट गाभाऱ्याच्या पडद्यासमोर गेली आणि दात आवळून उभी राहिली. म्हाताऱ्या धर्मगुरूंनी, अब्बांनी, तिच्या कपाळाला क्रूस टेकवला.

"रोज एका चर्चात दिसतेस, बाळ. अजून किती दिवस?"

"मला काय विचारता? त्याला विचारा!" तिने पडद्याकडे बोट केलं. "सहा चर्चं झाली. एवढं एक मागतेय, ते द्यायला त्याचे हात मोडलेत का?"

आजूबाजूच्या बायकांनी घाईघाईने क्रूसाची खूण केली.

सातव्यात मिळालं नाही. आठव्यात, नवव्यातही नाही. दहाव्याला पायऱ्यांवर ती अडखळली, तेव्हा चपला राखणाऱ्याने हात पुढे केला. तिने तो झिडकारला आणि भिंत धरून उतरली.

"सापडला तर काय करशील?" त्याने विचारलं.

"तुला कशाला हव्यात नसत्या पंचायती?"

अकरावं संत ग्योर्गिसचं चर्च, शेवटचं. तिथून ती लवकरच बाहेर आली. बुटांची तोंडं तिच्याकडे करून तो वाट पाहत होता. पुन्हा पुसलेले! हात उगारावा असं तिला वाटलं. अकरा ठिकाणी मागूनही राग तसूभरही उतरला नव्हता आणि तो उतरणारही नाही, हे आज तिला कळून चुकलं होतं.

"सापडला?"

तिने बूट घेतले नाहीत. त्याच्या शेजारी, लोकांच्या चपलांच्या ढिगाजवळ ती बसली. हात तिने पदरात घट्ट गुंडाळले.

"ऊठ, मेकुरिया," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी बाजारात कळलं होतं मला, चपला राखणारा कोण ते. आत जा. चपला मी राखते."