मातीचे हात

अंधारलेल्या खोलीत, भिंतीवरच्या सिनेमात, आईचे मातीचे हात मोगऱ्याचा गजरा बांधत होते. हात शलाकानंच घडवले होते, मागचं निळं आभाळही तिनंच रंगवलं होतं. बोटं केसभर सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर सरकवायची; यात तिचं अख्खं वर्ष गेलं होतं. गजरा लांबत लांबत आभाळात तरंगू लागला.

आई टक लावून बघत होती. अर्धांगवायूनंतर तिचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा.

"अगं, मी डावरी कधी झाले?" तिनं अडखळत विचारलं.

शलाका चपापली. लहानपणी ती आईच्या समोर बसून तिला गजरे बांधताना बघायची. समोरून डावीकडे दिसणारा हात तिच्या आठवणीत डावाच होऊन बसला होता.

"चुकलंच गं. सगळं पुन्हा करते."

"थांब, दाखवते कसं ते."

मांडीवरच्या उजव्या हाताचं बोट हललं. केसभरच.

शलाकानं श्वास रोखला. तिचा अख्खा सिनेमा तेवढ्याशाच हालचालींतून उभा राहिला होता.