पाटीवर नसलेलं

"बॉल कुटं गेला?"

मकदूमनं मान वळवली. कडुलिंबाच्या सावलीत, हातभर अंतरावर घोंगड्या विकणारा बिराप्पा बसला होता. दोन्ही डोळ्यांनी आंधळा. मैदानावर गिरणीची टीम खेळत होती आणि आत्ताच चारी बाजूंनी ओरडा उठला होता.

मकदूमला बोलायचं नव्हतं. सोलापुरात बोलपट येऊन तीन आठवडे झाले होते. या तीन आठवड्यांत तो घरातसुद्धा कामापुरतंच बोलला होता. त्याआधी अकरा वर्षं तो थेटरात पडद्याशेजारी उभा राहून पाट्या वाचायचा. मुक्या चित्रांत मध्येच अक्षरांची पाटी यायची. वाचता येणारे थोडे. मग मकदूम ती मराठीत, कानडीत, दखनीत मोठ्यानं सांगायचा. आवाज नाटक कंपनीत घडलेला, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. आता पडद्यावरची माणसंच बोलू लागली. थेटरमालकानं त्याला बोलावून चहा पाजला आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. त्या दाराची पायरी पुन्हा चढायची नाही, असं मकदूमनं तिथंच ठरवलं.

उरलं होतं क्रिकेट. ते वेड जुनं. त्यापायी त्यानं नाटकाची तालीम चुकवून मार खाल्ला होता. रविवारी यायचं, दिवसभर बघायचं, घरी जायचं. क्रिकेटला त्याच्या आवाजाची कधी गरजच नव्हती, म्हणून तेवढंच त्याला सोसवत होतं.

"बाउंड्रीपार गेला. चार रन," तो तुटक बोलला.

"कुनी मारला?"

"शिवप्पानं."

"कसा?"

याला एका शब्दात उत्तर नव्हतं. मकदूमनं पुन्हा मैदानाकडं बघितलं. मग म्हणाला, "आखूड पडला होता. शिवप्पा एक पाऊल मागं सरला. घाई केली नाही. बॉल अंगाजवळ येऊ दिला आणि मग बॅट फिरवली. तिकडं एकजण धावला, त्याची टोपी पडली. आधी टोपी उचलू का बॉल, तेच कळेना त्याला."

बिराप्पा गालात हसला आणि जरा जवळ सरकला.

त्यानंतर किती वेळ गेला ते मकदूमला कळलं नाही. तो सांगत होता आणि म्हातारा ऐकत होता. एकाएकी सगळं मैदान गप झालं.

"का वो? काय झालं?"

"दांडी उडाली. शिवप्पा गेला. अजून तिथंच उभाय. बुटानं माती सारखी करतोय. निघवत नाही त्याला."

बिराप्पानं तोंड त्याच्याकडं वळवलं. "तुमी थेटरातले मकदूमभाई न्हवं?"

"तुम्हाला कसं ठाऊक, मामा?"

"नऊ वरसं ऐकलंय की तुमाला. दर शनवारी दुपारी. अगदी म्होरं, जमिनीवर बसत हुतो."

पुढं जमिनीवर बसतं कोण, हे मकदूमनं अंधारात कधी पाहिलंच नव्हतं. त्याला आपली एक खोड आठवली. पाटी वाचून झाली तरी त्याचं तोंड थांबत नसे. 'बाई दाराआड उभी आहे, हातातली चिठ्ठी लपवते आहे,' असलं काहीतरी तो आपल्या मनानं बोलून जाई. मालक वैतागायचा. "पाटीवर असंल तेवढंच वाच, लोकांना डोळे आहेत," म्हणायचा. मागून लोकही शिट्ट्या मारायचे.

"मग आता बरं झालं तुमचं," मकदूम म्हणाला. त्याच्या आवाजातला कडवटपणा त्याला स्वतःलाच ऐकू आला. "आता सगळे स्वतःच बोलतात."

"बोलत्यात की. लई बोलत्यात. म्या दोनदा जाऊन आलो." बिराप्पा काठी चाचपत राहिला. "पर येका जागी समदी गप झाली. पडद्यावरची बी, बसल्याली बी. आन् मग मानसं रडाय लागली. बाया, गडी, समदी. म्या शेजारच्याला इचारलं, काय झालं वो? तर त्यो म्हनला, गप बस म्हाताऱ्या, दिसत न्हाय व्हय?"

मैदानावर दुसरा खेळाडू येऊन उभा राहिला होता. बिराप्पानं त्याच्याबद्दल विचारलं नाही. मकदूमनंही सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी दुपारी मकदूम त्याला हाताला धरून थेटराची पायरी चढला. दारावरच्या माणसानं ओळखीनं तसंच आत सोडलं असतं, पण मकदूमनं दोन तिकिटं काढली. दोघं पुढं जमिनीवर बसले. पडद्यावरची माणसं बोलत होती, भांडत होती, गात होती. मकदूम गप्प होता. ती चांगलं बोलत होती, हे त्याला मनातल्या मनात कबूल करावं लागलं. तरणा मुलगा गेल्याची बातमी घरी आली. आणि मग ती जागा आली. सगळे आवाज थांबले.

मकदूम बिराप्पाच्या कानाशी वाकला.

"सांज झालीय. आईनं पाट मांडलाय. ताट वाढलंय, पोराला वाढायची तसं. पाटावर कोणी नाही. ती शेजारी बसलीय. पदरानं ताटावरच्या माश्या वारतेय."

"गप बसा की वो," मागून कुणीतरी म्हणालं.

मकदूमनं आवाज आणखी खाली आणला, पण थांबला नाही. "अजून वारतेय. दाराकडं बघितलं. आता भाकरीचा तुकडा मोडून ताटाच्या कडेला ठेवला. पुन्हा वारतेय."

आजूबाजूच्या माणसांनी डोळे पुसले. पुढचं गाणं सुरू झालं, लोक सावरून बसले, आणि तेव्हा कुठं बिराप्पा रडू लागला.